शब्द समोरून येतात

आमच्या मेव्हण्याइतका हळू बोलणारा आणि त्याच्याइतका मोठ्याने ओरडणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि नवल म्हणजे ही दोन्ही कामं तो एकाच गळ्यातून करतो. एरवी तो टेंभी नाक्याजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाजवळ वाकून "हे स्पष्ट दिसतं, की हे?" असं तो ज्या आवाजात विचारतो, त्या आवाजात बाकीची माणसं झोपलेल्या बाळाजवळ बोलतात. वयस्कर बायका खास त्याच्याकडे नंबर काढायला येतात आणि जाताना त्याच्या लग्नाची चौकशी करून जातात. हाच गुणी मुलगा रविवारी फाटकी जीन्स घालून, मानेच्या शिरा ताणून, 'गळका नळ' या आमच्या पंक बँडचा गायक म्हणून असा काही ओरडतो, की पुढे उभी असलेली पोरं आपोआप मागे सरकतात.

पंक म्हणजे काय, हे माझ्या आईला समजावताना मी एकदा म्हणालो होतो, की तीन सूर, भरपूर वेग आणि कोणावर तरी राग. "मग तुमच्या सोसायटीच्या मीटिंगलाच जा की," आई म्हणाली. तिचं फारसं चुकलं नव्हतं. आमचं पहिलं गाणंच मुळी मेव्हण्याच्या चाळीतल्या, कल्याण पूर्वेच्या, कधीच दुरुस्त न झालेल्या नळावर होतं. त्यावरूनच बँडचं नाव पडलं. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. आता ड्रमर डोंबिवलीत गणिताचे क्लास घेतो, गिटारवाला दाताचा डॉक्टर आहे, मी विमा कंपनीत आहे आणि बेस गिटार वाजवतो. आमच्या मागून सुरू झालेले कितीतरी बँड फुटले, कोणी पुण्याला गेलं, कोणी जाहिरातींना संगीत द्यायला लागलं. आम्ही मात्र टिकून आहोत, बहुधा आम्हाला कोणी बोलावून नेलं नाही म्हणून. अंबरनाथ-बदलापूरकडची नवी पोरं हल्ली कार्यक्रमाआधी आमच्या पाया पडतात आणि मग स्टेजवर जाऊन यच्चयावत व्यवस्थेला शिव्या देतात.

मेव्हणा आधी मला सरळ 'अबे' म्हणायचा. मी त्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून मी त्याचा 'दाजी' झालो, तोही अहो-जाहोसकट. स्टेजवर घामाने निथळत, माइक दातात धरल्यासारखा धरून तो गर्जतो, "बेसवर आहेत आमचे दाजी!" आणि पोरं बेंबीच्या देठापासून "दाजी! दाजी!" ओरडतात. मी चुकलो तर गाणं चालू असतानाच तो माझ्याजवळ येऊन कानात म्हणतो, "दाजी, तुम्ही मागे पडताय. राग मानू नका." जगात इतक्या आदराने कुठल्याही पंक वादकाची चूक काढली जात नसेल.

त्याची दुसरी सवय म्हणजे तो गाणं कधी लिहायचा नाही. लिहायचा नाही म्हणजे पाठही करायचा नाही. नाव ठरलेलं असायचं, चाल ठरलेली असायची, शब्द मात्र स्टेजवर येतील ते. 'फाटक' हे आमचं ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकावरचं गाणं आम्ही निदान शंभर वेळा वाजवलं असेल, आणि शंभर वेळा त्याचे शब्द वेगळे होते. एकदा त्यात फाटकापाशी अडकलेली ॲम्ब्युलन्स होती, एकदा कोणीतरी विसरलेली शाळेची पिशवी. आणि शब्द असे चोख यायचे, की अंगावर काटा यायचा. कुठे अडखळणं नाही, 'अं' नाही, 'ओ ये' म्हणून वेळ मारून नेणं नाही. मी एकदा विचारलं, "तुला हे सुचतं तरी कुठून?" तो चष्म्याची काच पुसत म्हणाला, "समोरून येतात, दाजी. मी फक्त म्हणतो." आम्ही याला कलावंताचा विनय समजलो.

आणि तिसरी गोष्ट, त्याचं तोंड. पंक गाणारी माणसं शब्द चावून गिळतात. आमचा मेव्हणा प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडतो, ओठांचा चंबू करतो, जीभ दिसेल अशी टाळ्याला लावतो. नवख्याला वाटेल, याला दातांच्या डॉक्टरसमोर, म्हणजे आमच्या गिटारवाल्यासमोर, बसायची सवय झाली आहे. खरं कारण त्याची आई. तो चार वर्षांचा असताना माझ्या सासूबाईंना टायफॉइड झाला, त्या तापात त्यांचे कान गेले. तेव्हापासून त्या समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, आणि स्वतः बोलतात ते मात्र चाळीच्या दुसऱ्या टोकाला कळेल अशा आवाजात, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळायचा मार्ग नाही. मुलाचा आवाज त्यांच्या लेखी अजून चार वर्षांचाच आहे.

म्हणून कार्यक्रम जमला, की दुसऱ्या दिवशी सकाळी, शब्द डोक्यात ताजे असतानाच, तो त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून सगळा कार्यक्रम पुन्हा करतो, तोंडातून आवाज न काढता. लग्नानंतर पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा दारातच थबकलो. तव्यावर भाकरी फुगत होती, शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती शांत बसली होती, आणि मेव्हणा ओट्यापाशी उभा राहून, मानेच्या शिरा टरारून, मुठी आवळून जिवाच्या आकांताने ओरडत होता. घरात आवाज होता तो फक्त भाकरी थापल्याचा. सासूबाई मधूनमधून मान वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे आवडलं. हे मागच्या वेळेपेक्षा बरंय." बायको मागून म्हणाली, "अहो, असे काय उभे राहिलात? चहा घ्या ना."

आता मी त्या छत्रीवाल्यांकडे येतो.

आमच्या कार्यक्रमांना एक गृहस्थ नेहमी यायचे. उंच, सडपातळ, पन्नाशी उलटलेले, अर्ध्या बाह्यांचा बिस्किटी रंगाचा बुशशर्ट, आणि कोपरावर अडकवलेली काळी छत्री, मे महिन्यातही. नेहमी सगळ्यात मागे, दारापाशी उभे. कधी टाळी वाजवायचे नाहीत, कधी बसायचे नाहीत, संपल्यावर भेटायचे नाहीत. मला पक्कं माहीत होतं, की ते ड्रमरचे वडील आहेत. कडक शिस्तीचे असणार, मुलाचं कौतुक तोंडावर न करणारे. मला त्यांचा आदर वाटायचा. त्यांची नजर चुकून माझ्याकडे वळली, तर मी मान लववून नमस्कार करायचो. त्यांनी तो कधी घेतला नाही.

माझ्या लग्नातही ते आले होते. मेव्हणा तिथे बहिणीसाठी गायला होता, पाहुणे घाबरू नयेत म्हणून अर्ध्या आवाजात. छत्रीवाले जेवणाच्या मंडपाच्या खांबापाशी उभे होते. माझ्या काकांना वाटलं मुलीकडचे, सासूबाईंच्या भावाला वाटलं मुलाकडचे. दोघांनीही त्यांना जेवायला बसण्याचा आग्रह केला आणि दोघांनाही समोरच्या पक्षाचा माणूस फार ताठ वाटला.

मग एके दिवशी ड्रमरचे वडील गेले. आम्ही तिघं भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत हार घातलेला फोटो होता. बुटके, गोल चेहऱ्याचे, मिशाळ, हसरे गृहस्थ. मी फोटोकडे बघतच राहिलो. अशा वेळी विचारू नये, पण तोंडातून निघून गेलं, "हे... हे तुझे वडील?"

ड्रमर रडवेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मग कोणाचे असणार?"

"मग छत्रीवाले?"

"ते गिटारवाल्याचे काका ना?"

गिटारवाला म्हणाला, "माझे कुठले? मला वाटायचं ते दाजींच्या ऑफिसातले साहेब आहेत."

आम्ही तिघांनी एकदम मेव्हण्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. त्याच्या दुकानातल्या आवाजात तो म्हणाला, "ते आपले कोणी नाहीत. मला माहितीये. पण ते आल्याशिवाय मला सुरू करता येत नाही." तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला, की इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक कार्यक्रमाआधी स्टेजवर वाकून बुटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा का सोडत-बांधत बसायचा. तो दाराकडे बघत असायचा.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे कल्याणला सासूबाईंच्या घरी जमलो. गिटारवाल्याने जुन्या चित्रफिती शोधून फोनमध्ये भरून आणल्या होत्या. अगदी पहिल्या कार्यक्रमाची होती, त्यात आम्ही चौघं काड्यांसारखे बारीक होतो आणि ड्रमरला खांद्यापर्यंत केस होते. मागे दारात छत्रीवाले. अलीकडची होती, त्यात ड्रमरच्या डोक्यावर ट्यूबलाइट चमकत होती आणि माझं पोट बेसच्या वर आलं होतं. मागे दारात छत्रीवाले. तोच शर्ट, तीच छत्री, केसांत तेवढेच पांढरे. ड्रमर म्हणाला, "काही लोकांची तब्येतच तशी असते."

सगळ्यात स्पष्ट चित्रण शहाडच्या एका कार्यक्रमातलं होतं. तिथे गिटारवाल्याने गर्दी टिपायला म्हणून फोन स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला होता. एका बाजूला मेव्हण्याचा गाल आणि उघडं तोंड, समोर पोरांची डोकी, आणि त्या डोक्यांपलीकडे उजेडात छत्रीवाल्यांचा चेहरा. तो कार्यक्रम सुमार झाला म्हणून हे चित्रण आजवर कोणीही उघडून पाहिलं नव्हतं.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पुसले आणि फोन जवळ ओढला. "हा कोण? ह्याचं तोंड बघ किती स्वच्छ चालतं. असं बोलणारी माणसं राहिली नाहीत."

"काय बोलतायत, आई?" मी तोंड समोर नेऊन विचारलं.

त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, डोळे बारीक केले, आणि त्यांच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "फाटक उघडलं, पण पलीकडे कोणी उरलं नाही."

आणि लगेच फोनमधून मेव्हणा ओरडला, "फाटक उघडलं! पण पलीकडे कोणी उरलं नाही!"

माझी बायको चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. सासूबाईंना आमचे चेहरे दिसत नव्हते, त्या फोनकडे बघत होत्या. त्या वाचत गेल्या. "माझं नाव त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पुसलं." फोनमधून मेव्हणा, "माझं नाव त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पुसलं!" आधी सासूबाई, मागून फोन. ओळीमागून ओळ. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी मान वर केली. "हा तुझ्या मागून म्हणत नाहीये रे. हा आधी म्हणतो. तू ह्याच्या मागून म्हणतोस."

गिटारवाल्याने घाईघाईने मेव्हण्याला म्हटलं, की आईंना तू घरी हे गाणं दाखवलं असशील, त्यांच्या लक्षात राहिलं असेल. पण सुमार झाला म्हणून मेव्हण्याने तो कार्यक्रम घरी केलाच नव्हता, आणि त्या दिवशीचे शब्द त्याच्याच लक्षात नव्हते. तोही ते आमच्यासारखेच पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकत होता. त्याने फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी नुसता भोंगा होतो, दाजी."

मी म्हणालो, "अरे, आवाज तर तुझाच ना?"

"भोंग्यालाही आवाज असतो."

पुढचा कार्यक्रम ठाकुर्लीला होता, एका छोट्या हॉलमध्ये, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत. त्या वेळी मेव्हण्याने एक गोष्ट नव्याने केली. तो आईला घेऊन आला. सासूबाई आमच्या कार्यक्रमाला कधी आल्या नव्हत्या. "मला तिथं काय करायचंय? घरी गातोच की," असं त्यांचं म्हणणं असायचं. आता त्या नवी साडी नेसून पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, चप्पल काढून तळवे जमिनीवर टेकवले आणि एक हात स्पीकरच्या खोक्यावर ठेवला. बदलापूरच्या पोरांनी ओळीने येऊन त्यांच्याही पाया पडून घेतलं.

मेव्हणा माइकपाशी ताठ उभा राहिला. या वेळी त्याने नाड्या बांधल्या नाहीत. छत्रीवाले दारात आले तसा ड्रमरने ठेका धरला, आम्ही 'फाटक' सुरू केलं. शब्दांची जागा आली. मेव्हणा गप्प.

आम्ही चाल फिरवून पुन्हा त्याच जागेवर आलो. गप्प. पोरांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे, ती नाचत राहिली. मी दाराकडे पाहिलं. छत्रीवाल्यांचं तोंड हललं, थांबलं. पुन्हा तेवढंच हललं. आम्ही तेच तीन सूर दळत होतो, माझी बोटं सोलवटत होती, आणि दारातला तो माणूस तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, आवाजाशिवाय. दर खेपेला तोंड थोडं जास्त उघडत होतं. इतकं, की त्या चेहऱ्यावर तोंडाशिवाय काही उरणार नाही असं वाटायला लागलं. मला ओठ वाचता येत नाहीत. पण शेवटी त्यांनी जो एकच शब्द धरून ठेवला, तो मलाही कळला. म्हण. म्हण. म्हण.

मेव्हण्याने ओठ घट्ट आवळून धरले होते. पांढराफटक पडला होता तो. नाचणारी पोरं एकेक करून थांबली, कारण थंडी वाजावी तसं काहीतरी त्या हॉलभर पसरलं होतं. ड्रमरचे हात थांबले. माझेही.

मुलगा कुठे बघतोय हे पाहायला सासूबाई खुर्चीत मागे वळल्या. त्यांनी छत्रीवाल्यांकडे पाहिलं, नीट निरखून. मग उभ्या राहिल्या आणि त्या शांततेत, चाळीच्या दुसऱ्या टोकाला कळेल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ! तुम्ही जरा गप बसा हो! त्याचं त्याला येतं!"

सगळा हॉल मागे वळला. छत्रीवाल्यांचं तोंड मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. राग नव्हता. वर्गाबाहेर जायला सांगितलेल्या मास्तरांचा चेहरा कसा होईल, तसं काहीतरी. मी क्षणभर खाली बेसकडे पाहिलं, वर पाहिलं, तर दार रिकामं होतं आणि त्यातून पिवळं ऊन आत येत होतं.

"गा की आता," सासूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मेव्हण्याने तोंड उघडलं. वाद्यं नव्हती, ठेका नव्हता. "आज पाणी आलं नाही," तो म्हणाला. ओरडला नाही, म्हणाला. मग अडला. "आज... आज पाणी आलं नाही." पुढची ओळ आलीच नाही. त्याने तीच पुन्हा म्हटली, थोडी मोठ्याने. ड्रमरने हळूच ठेका दिला. पोरांनी ती ओळ उचलली आणि पुढे तो सगळा कार्यक्रम आम्ही त्या एका ओळीवर काढला. आमच्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट गाणं होतं. सासूबाई स्पीकरवर हात ठेवून, डोळे मुलाच्या तोंडावर रोखून, मान डोलवत होत्या. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "माणूस काही वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या पोराला किती म्हणून सांगायचं?"

छत्रीवाले त्यानंतर कधी आले नाहीत. आम्ही चौघंही त्याबद्दल बोलत नाही. पण कार्यक्रमाच्या वेळी दाराशी एखादा उंच माणूस दिसला, की ड्रमरचा ठेका अर्धा श्वास चुकतो. आमची जुनी मंडळी म्हणतात, की 'गळका नळ' पूर्वीसारखा राहिला नाही. खरंच राहिला नाही. मेव्हणा आता शब्द आधी जुळवतो, खोडतो, कधी स्टेजवर अडखळतो आणि "माफ करा, पुन्हा घेतो" म्हणतो. पंक बँडच्या गायकाने माफी मागितलेली पोरांना फार विनोदी वाटते. एकदाच त्याने मला हळूच विचारलं, "दाजी, ते गेले ते बरंच झालं ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "पण त्यांचे शब्द चांगले होते हो." ते होतेच.

परवा ऑफिसच्या कामाने ठाण्याला गेलो होतो, तेव्हा दुपारी त्याच्या दुकानात डोकावलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने मला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं, समोर चहा ठेवला आणि नव्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. खाडीकाठच्या बुजवलेल्या मिठागरांवरचं गाणं होतं. पहिली ओळ ठीक होती. दुसरी शेवटाला येऊन लटकली.

"एक शब्द अडलाय," तो म्हणाला. "तीन दिवस झाले. येत नाही."

आणि मला तो शब्द दिसला. लख्ख, अगदी ओठांवर आला. मेव्हणा खिडकीकडे बघत, जिभेने गालाचा आतला भाग चाचपत विचार करत होता, कानशिलावरचे केस आता चांगलेच पिकलेला, एका साध्या शब्दासाठी घामाघूम झालेला. मी चहाचा कप उचलून तोंडाला लावला आणि तो रिकामा झाला तरी तसाच धरून ठेवला. रस्त्यावर नवरात्राच्या मांडवाचे बांबू उतरवत होते. बराच वेळ गेला. मला कुठेही जायची घाई नव्हती.